समस्या नसलेली मुलगी

आमच्या बी.एड. कॉलेजात शिरलं की समोर संस्थापकांचं तैलचित्र दिसायचं. पगडी, उपरणं आणि चेहऱ्यावर असा भाव, की समोरच्याचं पाठाचं टाचण अपुरं आहे. शतकाच्या सुरुवातीला, अंधेरीत भातशेती होती तेव्हा, या गृहस्थांनी मास्तर घडवायचं कॉलेज काढलं. मी तिथे गेले तोवर शेती जाऊन चहूकडे इमारती झाल्या होत्या. कॉलेजच्या आत मात्र फारसं काही हललं नव्हतं. लाकडी जिना तोच, पितळी घंटा तीच, आणि शिकवण्याच्या पायऱ्याही त्याच: प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन आणि पुढचं सगळं शेपूट. पानिपत शिकवा नाहीतर बेडकाची पचनसंस्था, जायचं याच पायऱ्यांनी.

मी तिथे काही ध्येय वगैरे घेऊन गेले नव्हते. गिरणीचा संप फसला, बाबा घरी बसले, आणि बी.ए. झालेल्या मुलीला पक्की नोकरी कशात, तर शाळेत, असा साधा हिशेब होता. प्रवेशाच्या यादीत माझं नाव लागलं त्या दिवशी आईने कांदिवलीच्या आमच्या चाळीत दोन्ही मजल्यांवर जाऊन सांगितलं, "आमचा चेडू आता मास्तरीण जातला." त्या दिवसापासून मला नापास होण्याची सोय उरली नाही.

कॉलेजच्या आवारातच सरावाची शाळा होती. सरावाची म्हणजे आमच्या सरावाची. मुलांना बिचाऱ्यांना तीच खरी शाळा होती. आम्ही चाळीस जण आळीपाळीने तिथे पाठ घ्यायचो. एकजण फळ्यापाशी घाम पुसत उभा, आणि सातआठ जण मागच्या बाकांवर निरीक्षणाची वही उघडून बसलेले. वहीत काय लिहायचं हेही ठरलेलं. 'बाईंचा आवाज खणखणीत आहे.' 'सरांनी फळा वरून खाली पुसला, हे योग्य.' कोणी कोणाला वाईट लिहायचं नाही, कारण उद्या आपला पाठ असतो आणि तोच मागे बसलेला असतो.

मुलं या सगळ्यात मुरलेली होती. पुठ्ठ्याचं काही घेऊन कोणी वर्गात आलं की ती न सांगता "अय्या" म्हणायची. एकदा मी प्रस्तावनेचा तिसरा प्रश्न विसरले, तर पहिल्या बाकावरच्या एका पोराने हळूच सुचवला, "बाई, 'मग आज आपण काय शिकणार आहोत' विचारा ना." मी विचारला. सगळ्या वर्गाने एका सुरात उत्तर दिलं आणि मला त्या पाठाला चांगले गुण मिळाले.

हे एक वेळ ठीक होतं. पण आमच्या वर्षी कॉलेजात 'मार्गदर्शन' हा नवा विषय मोठ्या दिमाखाने आला. जुने नकाशे टाकायची खोली रिकामी करून तिच्यावर 'विद्यार्थी मार्गदर्शन कक्ष' अशी पाटी लावली. आत एक टेबल, एक लोखंडी कपाट आणि एक सर. सर कुठलंसं सहा आठवड्यांचं शिबिर करून आले होते आणि तेव्हापासून त्यांना धडधाकट माणूस दिसेनासा झाला होता. शिपाई दोनदा खोकला तरी ते त्याच्या बालपणाची चौकशी करत. त्यांच्या कपाटात परदेशी बुद्धिमापन चाचण्यांची मराठी भाषांतरं होती. एका चित्रात बर्फात उभा असलेला मुलगा होता आणि त्यात काय कमी आहे ते ओळखायचं होतं. उत्तर होतं हातमोजे. मरोळच्या आणि साकीनाक्याच्या पोरांनी 'छत्री' असं लिहिलं आणि वर्गाच्या वर्ग मंदबुद्धीत जमा झाले. चाचणी चुकली असेल हे सरांच्या मनालासुद्धा शिवलं नाही.

तर या सरांनी आम्हाला प्रात्यक्षिक दिलं, 'व्यक्ती-अभ्यास'. प्रत्येकाने शाळेतला एक समस्याग्रस्त विद्यार्थी निवडायचा आणि त्याची फाईल करायची. फाईलमध्ये छापील रकाने होते: समस्या, लक्षणं, गृहभेट, कारणं, उपाय, परिणाम. परिणामाच्या रकान्यात समस्या सुटलेली दाखवायची, तीही फेब्रुवारीच्या आत. कारण मार्चमध्ये आमची परीक्षा असायची.

दुसऱ्या दिवशी शाळेत जी झुंबड उडाली ती म्हणे बघण्यासारखी होती. समस्याग्रस्त मुलं अशी किती असणार? चोरी करणारा मुलगा बोरिवलीच्या माझ्या मैत्रिणीने पहिल्याच तासाला पटकावला. "ए, तो माझा चोर आहे हं, कोणी हात लावायचा नाही," असं तिने सगळ्यांना बजावलं. तोतरं बोलणाऱ्या मुलावरून दोघांचं भांडण झालं. नखं खाणारी, खोटं बोलणारी, गणिताच्या तासाला पोट दुखणारी, सगळी दोन दिवसांत संपली. मी नेमकी तेव्हा काविळीने आडवी होते. तीन आठवड्यांनी पिवळी पडून परत आले तर मैत्रीण म्हणाली, "तुझी वाट लागली यार. आता फक्त चांगली मुलं उरलीत."

माझ्या वाट्याला नववी 'ब'मधली एक मुलगी आली. तिसऱ्या बाकावर खिडकीकडे बसायची. दोन घट्ट वेण्या, स्वच्छ गणवेश, वह्या पूर्ण, प्रत्येक विषयात पास. मी तिच्यावर आठवडाभर पाळत ठेवली. तिने काही चोरलं नाही, नखं खाल्ली नाहीत, पोटही दुखवून घेतलं नाही. मी सरांकडे जाऊन खरं ते सांगितलं, की या मुलीला समस्या नाही.

सर माझ्याकडे असे बघायला लागले, जणू माझीच एक फाईल करायला हवी. "समस्या नसलेला विद्यार्थी नसतो, बाई," ते म्हणाले. "तुम्हाला ती दिसली नाही, हे तुमचं अपयश."

अपयश मला परवडणार नव्हतं. मी पुन्हा वर्गात जाऊन बसले आणि मला दिसलं, की मुलगी बोलत नाही. विचारलं तर नेमकं उत्तर देते, पण आपणहून एक शब्द नाही. मी हरखले. पहिल्या रकान्यात लिहिलं, 'अबोलपणा, न्यूनगंड, समूहापासून अलिप्तता.' एक मुलगी गप्प बसते एवढीच गोष्ट, पण तीन शब्दांत लिहिल्यावर ती चांगली भारदस्त वाटायला लागली.

अडलं ते गृहभेटीपाशी. मुलगी मरोळला राहायची. मला जायचं होतं, पण कधी पाठ, कधी पुठ्ठे कापणं, आणि काविळीनंतर पायात त्राणही नव्हतं. ही झाली फाईलला सांगायची कारणं. खरं कारण म्हणजे मला तिथे जावंसंच वाटत नव्हतं. पत्त्यावरून आणि आडनावावरून ती बौद्ध वस्तीतली आहे हे कळत होतं, आणि तशा घरात काय असतं हे मला न जाता ठाऊक आहे, अशी माझी ठाम समजूत होती. कोकणातून आलेल्या आमच्या चाळीने एवढं शहाणपण मला फुकट दिलं होतं. फाईल बघून सरही म्हणाले होते, "वस्ती बघा, कारण तिथेच सापडेल." मग मी घरी, आमच्या स्वयंपाकाच्या ओट्यापाशी बसून गृहभेट लिहिली.

'रविवारी सकाळी विद्यार्थिनीच्या घरी भेट दिली. वडील मद्यपान करून खाटेवर पडले होते. आई दबलेली. घरात मुलांनी मोठ्याने बोललेलं वडिलांना खपत नाही. त्यामुळे मुलगी अबोल झाली आहे.'

फार उत्तम उतरलं होतं. उतरणारच. संप फसल्यापासून आमच्या घरात रविवारची सकाळ अशीच असायची आणि मी लिहीत होते तेव्हा बाबा समोरच्या खाटेवर पडलेलेच होते. मला एक गोष्टही कल्पनेने रचावी लागली नाही. माझ्या घरातली लाज उचलून मी एका परक्या माणसाच्या दारात नेऊन ठेवली, आणि हे आपण काय करतोय हे मला तेव्हा जाणवलंसुद्धा नाही. मी शुद्धलेखन तपासत होते.

सरांनी फाईल वाचून शाबासकी दिली आणि ती लोखंडी कपाटात गेली. आता त्या कपाटातून काही बाहेर येतं असं आम्हाला कोणालाच वाटत नव्हतं. पण सर उत्साही होते. त्यांनी आमच्या चाळीस फायलींवरून समस्याग्रस्तांची यादी केली आणि ती शाळेच्या मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, भेट म्हणून दिली.

मोठ्या बाईंना तशी यादी हवीच होती. शाळेच्या फाटकावर दरवर्षी शंभर टक्के निकालाचा फळा लागायचा. तो लागावा म्हणून नववीतली डळमळीत मुलं हेरून त्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावत. हा फॉर्म भरला की मुलगा दहावीला बाहेरून बसतो. शाळा नाही, वर्ग नाही, घरी बसून अभ्यास करायचा, आणि नापास झाला तरी शाळेच्या फळ्याला धक्का लागत नाही. त्या वर्षी माझ्या मुलीला इंग्रजीत कसेबसे काठावरचे गुण होते. एरवी कोणी लक्षही दिलं नसतं. पण काठावरचं इंग्रजी आणि वर न्यूनगंड आणि वर दारुडा बाप म्हटल्यावर मोठ्या बाईंनी तिच्या नावापुढे सतरा आकडा घातला आणि वडिलांना बोलावलं. फाईल करणारी म्हणून मलाही बसवलं. सर होतेच.

वडील वेळेच्या आधी पाच मिनिटं आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात प्लास्टिकची पिशवी. सांताक्रूझच्या टेलिफोन कचेरीत लाईनमन होते. पिशवीत मुलीची पहिलीपासूनची सगळी प्रगतिपत्रकं होती, एकाखाली एक लावलेली. ते आत येऊन बसले. मी उगाचच त्यांच्या डोळ्यांकडे बघत राहिले, लाल असतील या आशेने.

मोठ्या बाई म्हणाल्या, "हे बघा, घरातलं वातावरण ठीक नसेल तर मुलीवर दहावीचा ताण नको. सतरा नंबर भरा. तिच्या भल्यासाठीच सांगतेय."

"वातावरण ठीक नाही म्हणजे?"

मोठ्या बाई घुटमळल्या. मग त्यांनी फाईल उघडली आणि मी लिहिलेला रकाना सरळ वाचून दाखवला. स्वच्छ उच्चारात, विरामचिन्हांसकट.

मला वाटलं, आता माणूस ओरडणार. ते ओरडले नाहीत. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही आलात तेव्हा दार कोणी उघडलं?"

मी म्हटलं, "दार उघडंच होतं."

खोटं बोलायचं तेसुद्धा प्रशिक्षण घेतल्यासारखं, चटकन आणि पूर्ण वाक्यात.

"रविवारी सकाळी?"

"हो."

"रविवारी सकाळी आमच्या घराला कुलूप असतं," ते म्हणाले. "आम्ही चौघंही विहारात वंदनेला असतो. बारापर्यंत. मी सतरंज्या घालतो, पोरगी लहान मुलांचा वर्ग घेते. अख्ख्या वस्तीला विचारा. आणि मी दारूला शिवत नाही, बाई. माझ्या बापाने घातलेला गोंधळ बघितलाय मी. म्हणूनच नाही शिवत."

सरांनी घसा साफ केला. "कधी कधी पालक नाकारतात. हीसुद्धा एक अवस्था असते."

त्या वाक्याने मला जे वाटलं ते अजून आठवतं. मला सरांची किळस आली, आणि लगेच कळलं की हे वाक्य बोलायचं बळ त्यांना माझ्या फाईलने दिलंय. मी म्हटलं, "मी गेलेच नव्हते. गृहभेट मी घरी बसून लिहिली."

मोठ्या बाईंनी फाईल मिटली. सर म्हणाले, "बाई, अशा गोष्टी पालकांसमोर बोलायच्या नसतात." खोटं लिहिल्याबद्दल त्या खोलीत मला कोणीही बोललं नाही. खरं बोलल्याबद्दल मात्र ऐकून घ्यावं लागलं. जी खाट मी लिहिली होती ती खरी कोणाची, हे मी सांगितलं नाही. तेवढं धैर्य नव्हतं.

मी माफी मागितली. वडील म्हणाले, "माफीचं काय करू? हे खोटं आहे असं लिहून द्या. तारीख टाकून." मी लिहून दिलं. त्यांनी तो कागद दोनदा वाचला, प्रगतिपत्रकांच्या पिशवीत सगळ्यात वर ठेवला आणि मोठ्या बाईंना विचारलं, "आता सतरा नंबर?"

मोठ्या बाई म्हणाल्या, "सुधारित अहवाल येऊ द्या. मग बघू."

म्हणजे मुलीची दहावी अजून माझ्याच पेनात अडकलेली होती. बाहेर आल्यावर सरांनी मला बाजूला घेतलं. त्यांनी वाटेतच उपाय शोधला होता. "घाबरू नका. बाप पीत नाही ना, मग शिस्त जास्त असणार. पाहिलीत ती प्रगतिपत्रकं? 'वडिलांची अतिशिस्त व अवाजवी अपेक्षा' असं कारण टाका. समस्या तीच ठेवा. फाईल बुडणार नाही." दारू प्यायला असता तरी बापाचा दोष, नाही प्यायला तरी बापाचाच.

मैत्रीण म्हणाली, "टाक ना गं तसं. तुला पास व्हायचंय की नाही? माझा चोर तर मी जानेवारीतच सुधारून टाकला. काल त्याने माझंच पेन उचललं."

वडील जाताना मला म्हणाले होते, "गृहभेट राहिलीय तुमची. दुपारी या, सकाळी नको." पुढच्या रविवारी मी मरोळला गेले. दोन खोल्या; माझ्या कल्पनेतली शेणाची जमीन नव्हती, स्वच्छ फरशी होती. आईने चहा केला, सोबत कांदेपोहे. बाईंना बसायला खुर्ची, बाकीचे सगळे खाली. मी कप धरून अवघडून बसले होते. कोणीही झाल्या प्रकाराचा उल्लेख केला नाही. त्याने मी आणखीच अवघडले.

धाकट्या भावाने कोंडी फोडली. "ताई, बाईंना करून दाखव ना!" मुलगी नको नको म्हणत होती, पण भाऊ ऐकेना. मग ती उठली, पदर नसताना पदर सावरला, आणि हवेतल्या फळ्याकडे पाठ करून म्हणाली, "मुलांनो, सांगा पाहू, आपल्या घरी दूध कोण आणतं?" हुबेहूब बोरिवलीची माझी मैत्रीण. त्यानंतर तिने एकेकाला असं काही सोलून काढलं की मी चहा सांडला. घाम पुसणारे सर, फळा वरून खाली पुसणारे सर, प्रश्न विसरून कपाळाला आठ्या घालणाऱ्या बाई. त्या बाई मी होते. आई तोंडाला पदर लावून हसत होती, वडील "पुरे गं" म्हणत स्वतःच हसत होते. एका तासात ती जितकं बोलली तितकं मी वर्षभरात बोलले नसेन.

हसू ओसरल्यावर मी विचारलं, "अगं, इतकं छान बोलतेस, मग शाळेत का गप्प असतेस?"

तिने वडिलांकडे बघितलं. त्यांनी 'सांग' अशी मान हलवली.

"बाई, शाळेत मागे बसून तुम्ही लोक सगळं लिहून घेता ना," ती म्हणाली. "पाचवीत मी एका बाईंना सांगितलं, की मला रात्री कधीकधी भीती वाटते. त्यांनी ते वहीत लिहिलं, आणि दुसऱ्या बाईंनी वर्गात विचारलं, भिणारी मुलगी कोण? तेव्हापासून मी विचारलं तेवढंच सांगते."

मी पर्समधून वही काढून मांडीवर उघडली होती आणि पेनाचं टोपण माझ्या दुसऱ्या हातात होतं. कधी काढलं मलाही कळलं नाही. मुलगी पेनाकडे बघत होती. तिसऱ्या बाकावर बसते तशी, हाताची घडी घालून. मला इतकी शरम कधी वाटली नव्हती, मोठ्या बाईंच्या खोलीतसुद्धा नाही. मी वही मिटून पर्समध्ये टाकली, पण ती उठून कपबशा आत घेऊन गेली.

सुधारित अहवाल मी सरांना न दाखवता आधी मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवला. समस्या: नाही. गृहभेट: प्रत्यक्ष दिली. शिफारस: विद्यार्थिनीला शाळेतूनच दहावीला बसवावं. मोठ्या बाईंना वडिलांच्या पिशवीतला माझ्या सहीचा कागद आठवला असावा. त्यांनी यादीतला सतरा आकडा खोडला. पुढच्या वर्षी ती शाळेतूनच बसली आणि पासही झाली. फाटकावरच्या फळ्यात तीही मोजली गेली.

मला व्यक्ती-अभ्यासात काठावरचे गुण मिळाले. कारणांचा रकाना रिकामा ठेवला तर फाईल स्वीकारणार नाही, असं सरांनी सांगितल्यामुळे तिथे मी एक ओळ लिहिली होती: 'मुलगी अबोल नाही. ती आमच्यासमोर बोलत नाही, कारण आम्ही तिचं बोलणं लिहून दुसऱ्यांना देतो.' सरांनी ती ओळ लाल शाईने आडवी कापली आणि समासात शेरा मारला: 'कारण विद्यार्थ्यामध्ये शोधावे.'